नागपूर: थंडीतलं विंडसर्फिंग – वारा किती, पाणी कसं, दुकानात काय आलं

उत्तरवारा (धागाकर्ता)

दिवाळीचे कंदील उतरले की व्यनिमध्ये एकच प्रश्न सुरू होतो: "थंडीत नागपुरात वारा असतो का हो?" दरेकाला वेगळं लिहून कंटाळलो, म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे ते इथेच टाका, म्हणजे पुढच्या वर्षीही शोधता येईल. दुकानाच्या बातम्याही इथेच येऊ द्यात, दुकानवाले काका वाचतातच.

वारा असतो, पण दुपारून. रात्रभर मोकळ्या आभाळाखाली जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवा जड होऊन तळाशी बसते आणि वर वाहणारा वारा पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून सकाळी आठला तलावावर सुरकुतीसुद्धा नसते. उन्हाने जमीन तापून हा थर मोडायला साडेदहा-अकरा होतात. मग वरचा उत्तर-ईशान्येचा वारा खाली उतरतो, एक ते तीनच्या दरम्यान बरा लागतो आणि चारनंतर गळायला लागतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडतो. पहाटे पाचला गाडीवर बोर्ड बांधणाऱ्यांनी शांतपणे तर्री पोहे खाऊन निघावं, काही चुकत नाही.

जोराचं म्हणाल तर बहुतेक दिवशी मोकळ्या पाण्यावर ५ ते ८ नॉट, मधूनच १०-१२ चा झोत. (नवीन लोकांसाठी: १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी.) मे-जूनच्या पश्चिमेच्या वाऱ्याशी याची तुलना करू नका. तो वारा वेगळा, त्याचं सामान वेगळं.

अपवाद एकच, आणि आम्ही थंडीभर त्याचीच वाट बघतो. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवेची लहर) सरकून गेला की मागोमाग एक-दोन दिवस कोरडा, गार उत्तरवारा सुटतो. पारा झपकन उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर पांढरे फेस दिसतात. पांढरा फेस दिसायला लागला म्हणजे साधारण १०-११ नॉटच्या वर गेलं असं धरा. पेपरात "विदर्भात थंडीची लाट" आलं की आमच्या बायका समजून जातात.

ढगाळ दिवशी मात्र जाऊ नका. ऊन नाही तर थर मोडत नाही, आणि वारा आलाच तर पावसासोबत वेडावाकडा येतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ जमिनीवर आलं, त्यानंतर इकडे पूर्व विदर्भातही आभाळ भरून पाऊस झाला. बंगालच्या उपसागरात असं काही चालू असेल तर अ‍ॅपवर कितीही छान बाण दिसोत, घरी बसा.

---

दुकान_बर्डी

नमस्कार मंडळी. धागा काढल्याबद्दल उत्तरवारा साहेबांचे आभार, आता माझा फोन जरा कमी वाजेल.

यंदा आलेलं असं:

गवतातली फिन (बोर्डाच्या बुडाखालचं पातं) आली आहे. नेहमीची उभी फिन आपल्या तलावांत दहा मिनिटांत झाडूसारखी होते. ही मागे झुकलेली आहे, शेवाळ आपोआप सरकून जातं. पॉवर बॉक्स आणि यूएस बॉक्स दोन्हींची आहे. घ्यायच्या आधी आपल्या बोर्डाचं खोबण कोणतं ते बघून या, फोटो काढून आणला तरी चालेल.

युनिव्हर्सल जॉइंटचे (शीड बोर्डाला जोडणारा सांधा) रबरी टेंडन आले आहेत. ज्यांनी मागच्या वर्षीपासून बदललेला नाही त्यांनी कृपा करून वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या की बदला. शीड बोर्डापासून सुटलं की तलावाच्या मध्यावर तुमच्याजवळ वेगळं शीड आणि वेगळी फळी असते, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेला निघतात.

गोव्याकडून वापरलेली शिडं येत आहेत, ७.५ आणि ८.५ चौरस मीटरची. एक जुना १२ फुटी लाँगबोर्डही आहे, डॅगरबोर्डसकट (बोर्डाच्या मधोमध खाली सोडायचं पातं). डॅगरबोर्डच्या खाचेचं रबर मी नवीन बसवून देणार.

वेटसूट ३/२ मिमीचे, आखूड बाह्यांचे आणि पूर्ण असे दोन्ही.

आणि एक विनंती. अधिवेशन सुरू असताना बर्डीकडे यायचं तर गाडी लांब लावून चालत या. मोर्चे, बंदोबस्त, वळवलेले रस्ते, त्यात छपरावर दहा फुटी पिशवी बांधलेली गाडी दिसली की पोलीस हमखास थांबवतात. मागे एका गिऱ्हाइकाला मास्टची पिशवी उघडून दाखवावी लागली. "हे काय आहे?" "साहेब, शिडाचा खांब." "कोणत्या पक्षाचा?"

---

बजाजनगरचा_बाळ

काका, किमती लिहा की. दरवेळी "दुकानात या" काय!

---

दुकान_बर्डी

माल बघितल्याशिवाय वापरलेल्या शिडाची किंमत सांगत नसतो. मोनोफिल्म (शिडाचं पारदर्शक प्लॅस्टिक) उन्हाने किती पिवळी पडली, शिवणी कशा आहेत, बॅटन (शिडातल्या आडव्या पट्ट्या) सरळ आहेत का, यावर सगळं आहे. दुकानात या. चहा पाजतो.

---

पोट्टा_मानेवाडा

उत्तरवारा भाऊ, मी मागच्या मेमध्ये गोव्याले जाऊन पाच दिवसांचा कोर्स करून आलो. आता इथंच खेळायचं म्हणून राहिलो. ७५ किलोचा आहो. मित्र म्हणून राहिला का डायरेक्ट फॉइल घे, जुनं काऊन घेतं बे. दुकानवाले काका लाँगबोर्ड म्हणतात. काय करू सांगा ना. पैशे एकदाच लागन माझ्याजवळून.

---

उत्तरवारा

पोट्टेभाऊ, आधी गणित करा.

सर्फवाल्यांत एक जुना ठोकताळा आहे: वजन किलोत, त्याला १.३४ ने गुणा, वाऱ्याच्या नॉटने भागा. बोर्ड पाण्यावर घसरायला लागावा (प्लेनिंग) म्हणून किती चौरस मीटरचं शीड लागेल ते येतं. तुमचं ७५ किलो म्हणजे साधारण १००. वारा १५ नॉट असेल तर ६.७ चं शीड पुरतं. १२ असेल तर ८.४. आणि आपला रोजचा ८ नॉट असेल तर साडेबारा चौरस मीटर! एवढं शीड कोणी उचलत नाही आणि कोणी शिवतही नाही. वाऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाने चालते, म्हणून ६ वरून १२ ला गेलं की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. उलट्या बाजूनेही तेच.

म्हणजे थंडीतल्या बहुतेक दिवशी साध्या छोट्या बोर्डवर तुम्ही घसरणार नाही, नुसते बुडत-तरंगत उभे राहाल. तुमच्यासमोर रस्ते दोन. एक, लाँगबोर्ड: लांब, डॅगरबोर्डवाला, जो न घसरताही होडीसारखा पाणी कापत जातो आणि वाऱ्याच्या वर चढून परत येतो. दोन, फॉइल: बोर्डाखाली दांड्यावर पंख, वेग आला की बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो.

मी पहिल्याच्या बाजूचा. परदेशात जुना विंडसर्फर बोर्ड नव्याने काढला आहे, विंडसर्फर एलटी म्हणून. साधारण १२ फूट लांब, ५.७ चं एकच शीड, आणि त्याच्या शर्यती धडाक्यात चालतात. म्हणजे ही म्हाताऱ्यांची सोय नव्हे. ५ नॉटमध्ये टॅक मारा (वाऱ्याकडे तोंड करून वळणं), जाइब मारा (वाऱ्याकडे पाठ करून वळणं), शीड उलटं धरून चालवा, पाय नाचवा. ज्याला हलक्या वाऱ्यात बोर्ड फिरवता आला त्याला मेमध्ये काहीच जड जात नाही. तुमच्या वयात आणि तुमच्या बजेटमध्ये मी दुसरा विचारच केला नसता.

---

फॉइल_नरेंद्रनगर

आलो. माझी वाटच बघत असाल.

उत्तरवारा यांचं गणित बरोबर आहे, पण ते फळीच्या बुडाचं गणित आहे. फॉइलमध्ये बोर्ड पाण्याच्या वरच असतो, पाण्यात फक्त एक पातळ दांडा आणि पंख. घर्षण एकदम उतरतं, वेग वाढतो, वेग वाढला की समोरून लागणारा वारा वाढतो. ८ नॉटच्या झोतात चार-सहा जोरकस पंप (शिडाला हाताने झटके) मारले की उचललं जातं. मग झोत गेला तरी तुम्ही चालत राहता. ज्या दिवशी हे लाँगबोर्डवाले "आज काहीच नाही" म्हणत काठावर शेंगदाणे खातात त्या दिवशी मी पाण्यावर असतो.

आणि जग तिकडेच चाललंय. ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग १९८४ ला आलं, मधल्या काळात बोर्ड बदलत गेले, २००८ पासून टोकियोपर्यंत आरएस:एक्स होता, आणि पॅरिस २०२४ ला मार्सेयच्या समुद्रात आयक्यूफॉइल आला. फॉइलचाच बोर्ड! जुन्या आरएस:एक्समध्ये आपल्या ईबाद अलीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ काढलं, तो बोर्ड आता ऑलिंपिकमध्ये नाही. पोट्ट्याने आज शिकायचं तर उद्याचं शिकावं.

---

उत्तरवारा

पोट्टा ऑलिंपिकला चालला असेल तर माझा आक्षेप मागे.

पण नरेंद्रनगरवाले, तुम्ही खोलीचं नाही लिहिलंत. फॉइलचा दांडा ८५-९५ सेंमीचा. म्हणजे कमरेच्या वर पाणी असल्याशिवाय चढायचंच नाही, आणि तेही तळ माहीत असलेलं पाणी. आपले तलाव पावसाळ्यानंतर भरलेले असतात हे खरं. पण काठची झाडंझुडपं, बाभळी त्या पाण्याखाली गेलेली असतात. रब्बीला पाणी सुटलं की पातळी आठवड्या-आठवड्याला उतरते. डिसेंबरात ज्या खुंटावरून सरळ गेलात तोच जानेवारीच्या शेवटी पंखाला अडतो. आणि जाळी! मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांवर थर्माकोलचे तुकडे असतात, उन्हाच्या चमकीत दिसत नाहीत. साधी झुकलेली फिन जाळीवरून सरकते, फॉइल जाळी घेऊनच थांबतो, आणि तुम्ही थांबत नाही.

---

फॉइल_नरेंद्रनगर

मान्य, म्हणून हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट. आणि जाळी कुठे लावली ते आधी ढिवर बांधवांना विचारायचं. मी तर दरवेळी काठावर डोंगावाल्याला (छोट्या होडीवाल्याला) विचारल्याशिवाय उतरत नाही. पाच मिनिटं बोललं की तळाचा नकाशाच मिळतो. शिंगाडे कुठे लावलेत, खुंट कुठे, कुठली बाजू गाळाची, सगळं. ते अ‍ॅपमध्ये नसतं.

---

रामटेककर

हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात. आमच्या खिंडसीवर शहरातून लोक येतात, सरळ बोर्ड टाकतात, जाळं फाडतात आणि निघून जातात. मग पुढच्या येणाऱ्याशी काठावर भांडण. जाळं फाटलं तर थांबा, भरपाई द्या, नाव सांगा. आणि तलाव पाटबंधाऱ्याचा आहे, बोटिंग चालवणाऱ्यांचा भाग ठरलेला आहे. त्यांच्या मोटारबोटीच्या रांगेत शीड घेऊन शिरू नका. उतरायच्या आधी तिथल्या माणसाला भेटून कुठून उतरायचं ते विचारा. शनिवार-रविवारी गडावर दर्शन आणि मग बोटिंग असा लोकांचा बेत असतो, त्यामुळे दुपारी गर्दी. जमत असेल तर मधल्या वारी या.

वाऱ्याबद्दल: खिंडसी टेकड्यांच्या मधोमध आहे. ईशान्येचा वारा टेकडीवरून उतरताना काठाजवळ विरतो आणि मध्ये जाऊन एकदम पकडतो. काठावर हातात कापड धरून "वारा नाही" ठरवू नका. मधल्या पाण्यावर काळसर पट्टे सरकताना दिसले की तिथे वारा आहे.

---

झुळूक

अंबाझरी तलावाचं कोणी सांगेल का? घरापासून दहा मिनिटांवर आहे, रामटेकला जायला पन्नास किलोमीटर.

---

उत्तरवारा

झुळूकताई, अंबाझरीवर महापालिकेच्या परवानगीशिवाय काहीच नाही, हे आधी. सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तर बांध आणि सांडव्याचा विषय शहरात फार नाजूक आहे, आणि असायलाच पाहिजे. त्या बाजूला कोणी फिरकू नये.

परवानगी मिळाली असं धरलं तरी हिवाळ्यात अंबाझरी आवडत नाही मला. बांध पूर्वेला, शहरही पूर्वेला. ईशान्येचा वारा इमारती आणि झाडं ओलांडून येतो, त्यामुळे बांधाच्या आतल्या बाजूला झोत, मग पोकळी, मग उलटा झोत. मेमध्ये पश्चिमेचा वारा जंगलाकडून सरळ लांबीने येतो, तेव्हा गोष्ट वेगळी. शिवाय जलपर्णी. ती वाऱ्याबरोबर एका काठाला गोळा होते आणि तुम्हाला परतायचं असतं नेमकं त्याच काठाला.

फुटाळ्याचं विचारूच नका, आणि गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा आहे, शिवाय त्याला लागून प्राणी उद्यान. तिथे शीड न्यायचा विचार मनातसुद्धा आणू नका.

---

बजाजनगरचा_बाळ

अंबाझरीत मगर आहे म्हणतात ना? मागे नाग नदीत दिसली होती त्याच्या बातम्या आल्या होत्या.

---

फॉइल_नरेंद्रनगर

असली तर पंप न मारताच उचललं जाईल.

---

पाणपाखरू

मी विंडसर्फिंग करत नाही, पक्षी बघतो. तरी इथे लिहितो, कारण हा धागा हिवाळ्याचा आहे आणि हिवाळा आमचाही मोसम.

नोव्हेंबर ते मार्च आपल्या भागातल्या तलावांवर पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, लालसरी उतरतात. बदकं-हंस दिवसा पाण्यावर विसावतात आणि बरेचदा संध्याकाळी-रात्री शेतात, उथळ पाण्यात चरतात. म्हणजे तुमचा दुपारचा वारा आणि त्यांची विश्रांती एकाच वेळेला. मोटारबोटीचा आवाज लांबून येतो, पाखरं सरकतात. तुमचं शीड आवाज न करता येतं आणि जाइब मारताना एकदम उन्हात चमकतं. थवाच्या थवा उठतो. पट्टकादंबाला मार्चमध्ये हिमालय ओलांडून परत जायचं असतं, त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते. दिवसातून चार वेळा उडवलं तर ती कुठून साठणार?

भांडायला आलो नाही. विनंती एवढीच की थवा दिसला तर त्या खाडीत शिरू नका, मधल्या मोकळ्या पाण्यावर राहा. आणि उथळ, गवताळ टोक पाखरांना सोडा. तसंही तिथे तुमची फिन अडकणार.

---

उत्तरवारा

पाणपाखरू, पटलं. दुर्बीण गळ्यात घालून शीड चालवता येत नाही, तेव्हा ज्या दिवशी तुम्ही तिथे असाल त्या दिवशी कोणता कोपरा टाळायचा ते सकाळी इथे टाकलंत तर बरं होईल.

---

विज्ञानवेडा_धंतोली

वाऱ्याच्या गणितात एक भर. थंड हवा जड असते. १० अंशांना हवा ४० अंशांपेक्षा जवळजवळ १० टक्क्यांनी घन. म्हणजे जानेवारीचा तोच १० नॉट मेच्या १० नॉटपेक्षा शिडाला जास्त ढकलणार. हिवाळ्यात छोटं शीड चालेल असं म्हणता येईल का?

---

व्हीएनआयटी_माजी

म्हणता येईल, पण फार थोडं. १० अंश असतात पहाटे, आणि पहाटे वारा नसतो, असं वर धागाकर्त्यांनीच लिहिलंय. वारा येतो दुपारी, तेव्हा नागपुरात जानेवारीतही २७-२८ अंश असतात. मेच्या दुपारचे ४३ धरले तर घनतेतला फरक ५ टक्क्यांच्या आसपास. ताकद वेगाच्या वर्गाने चालत असल्यामुळे हा फरक वाऱ्याच्या भाषेत अडीच टक्के, म्हणजे १० नॉट जणू सव्वादहा. शीड बदलावं असं त्यात काही नाही. उलट नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, त्यात गोव्याच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के घनता जाते. दोन्ही मिळून वजाबाकी होऊन गेली.

अंदाजासाठी अ‍ॅपपेक्षा सोनेगाव विमानतळाचं निरीक्षण बघा. मेटार म्हणतात, विमानतळाचं चिन्ह व्हीएएनपी. वारा थेट नॉटमध्ये असतो: पहिले तीन आकडे दिशा, पुढचे दोन वेग. पाचही शून्य दिसले की सारं शांत. साडेअकरापर्यंत पाच शून्य असतील तर घाई करू नका. पण लक्षात ठेवा, तो वारा धावपट्टीजवळच्या मोकळ्या जागेचा, तोही दहा मीटर उंचीवरचा. शीड त्याच्या निम्म्या उंचीत संपतं, तिथे थोडा कमीच धरायचा.

---

विज्ञानवेडा_धंतोली

धन्यवाद. वही बंद.

---

मनीषनगरची_आई

नमस्कार. माझी मुलगी एनसीसीच्या नौदल शाखेत आहे, तिला शिडाची होडी येते. आता हे शिकायचं म्हणते. थंडीत पाण्यात पडून आजारी पडणार नाही ना? आणि एकटी पाठवावी का?

---

नेव्हल_बिल्ला

ताई, मीही त्याच शाखेतून आलेलो. शिडाची होडी येत असेल तर वारा वाचता येतो, अर्धं काम झालं. बाकी अर्धं तोल.

थंडीबद्दल: दुपारी पाण्यात पडल्यावर गार लागत नाही, बाहेर येऊन ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभं राहिल्यावर लागतं. ३/२ चा वेटसूट आणि त्यावर वारा अडवणारं एक पातळ जॅकेट पुरे. वेटसूट स्वस्त म्हणून सैल घेऊ नका. सैल सूटमध्ये पाणी आत-बाहेर करतं, त्याचा उपयोग नाही. कोरडा टॉवेल, कानटोपी, थर्मासमध्ये काहीतरी गरम. बोटं बधिर झाली की दोर सुटतो, तेव्हा बधिर होण्याआधी बाहेर या.

एकटं कोणीच जाऊ नये, मुलगी असो की मुलगा. लाइफ जॅकेट कायम. खरा धोका चारनंतरचा आहे. वारा गळला आणि तुम्ही तलावाच्या पलीकडे असलात तर शीड मास्टला गुंडाळा, बोर्डावर आडवं ठेवा, पालथं झोपून हाताने वल्हवत या. हे काठाजवळ आधी दोनदा करून बघायचं, नुसतं ऐकून जमत नाही. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूने पसरून सावकाश वर-खाली करायचे, ही सगळीकडे चालणारी खूण आहे. नुसता एक हात हलवला तर काठावरचे लोकही हात हलवून उत्तर देतात. आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहायचं नाही. बोर्ड तरंगतो.

---

मनीषनगरची_आई

खूप आभार. थर्मासचं तिला पटेल असं वाटत नाही, बाकी सांगते.

---

पोट्टा_मानेवाडा

मांजाचं कोणी बोलून नाही राहिलं. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस काठावर पोट्टे पतंग उडवतात, ओ काट झाली का मांजा पाण्यावर पडते. नायलॉन मांजावर बंदी आहे पण सुटत नाही. शीड घेऊन जाताना मान बरोबर त्याच उंचीवर असते.

---

रामटेककर

शंभर टक्के. गळ्याला निओप्रिनचा पट्टा लावा, त्या दिवसांत दुचाकीवाले लावतात तसा. आणि संक्रांतीच्या दिवशी पाण्यात न उतरलेलं बरं. फिनला गुंडाळलेला मांजा हाताने ओढू नका, बोट कापतं. चाकू जवळ ठेवा. काढलेला मांजा काठावर टाकून येऊ नका, त्यात बगळे अडकतात.

---

उत्तरवारा

पोट्टेभाऊ, हे माझ्या मूळ धाग्यातच यायला हवं होतं. भर घातल्याबद्दल आभार. पतंगवाल्यांचा एक फायदा मात्र आहे: मानेवाड्यात गच्चीवरून ढील न देता पतंग आपोआप चढत असतील तर खिंडसीकडे गाडी काढायला हरकत नाही.

---

झुळूक

ज्यांना इथल्या पाच नॉटने समाधान होत नाही त्यांनी थंडीत कुठे जावं?

---

फॉइल_नरेंद्रनगर

रामेश्वरम-तुतिकोरिन. तिकडे ईशान्य मान्सूनचा वारा हिवाळ्यात समुद्रावरून दिवसेंदिवस टिकून वाहतो, पतंगावरचे सर्फवाले जगभरातून येतात. रामेश्वरमला तर एका बाजूला लाट आणि दुसऱ्या बाजूला सपाट पाणी. गोव्यात डिसेंबर-जानेवारीत वारा यथातथा, फेब्रुवारीनंतर दुपारचा समुद्रवारा बरा होत जातो. जवळचं आणि शिकायचं हवं तर भोपाळ. मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे, हांगझोऊत रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर तिथलीच. वारा तिकडेही हिवाळ्यात आपल्यासारखाच, पण शिकवणारे आहेत.

---

बजाजनगरचा_बाळ

बाहेरून बोर्ड मागवायचा असेल तर? एकाने सांगितलं की होडी म्हणून कर लावतात.

---

दुकान_बर्डी

सेलबोर्ड होडीत येत नाही. कस्टमच्या यादीत तो खेळाच्या साहित्यात, ९५०६ मध्ये आहे. होड्या ८९०३ मध्ये. बिलावर पाठवणाऱ्याने "बोट" लिहिलं की भांडत बसावं लागतं, म्हणून आधीच "सेलबोर्ड" लिहून घ्या. आणि कुरिअरवाल्यांशी लांबी ठरवून घ्या. मागे एका मालवाहतूकवाल्याने ४९० सेंमीचा मास्ट दोन तुकड्यांचा आहे हे न बघता "एवढा लांब नेत नाही" म्हणून परत पाठवला होता.

बाकी कळवायचं म्हणजे गोव्याचा माल आला. लाँगबोर्डचं डॅगरबोर्डचं रबर बदलून झालं.

---

पोट्टा_मानेवाडा

काका, लाँगबोर्ड माझ्यासाठी ठेवा. शनिवारी येतो. फॉइलवाल्या भाऊंनी राग मानू नका, पुढच्या वर्षी पाहू. आता सांगा, सोबत ७.५ घेऊ का ८.५? माझ्याजवळ कोर्सवाल्यांकडून घेतलेला ४६० चा मास्ट आहे.

---

उत्तरवारा

७.५ घ्या. शिडावर लफची (मास्टलगतच्या कडेची) लांबी छापलेली असते, ती मास्ट अधिक एक्स्टेंशन (मास्टच्या बुडाला जोडायचा तुकडा) इतकी भरली पाहिजे. ७.५ साधारणपणे ४६० वर बसतं. ८.५ ला बहुतेक ४९० लागतो, आणि ४६० ला लांब एक्स्टेंशन लावून ओढलं तर शिडाचा वरचा भाग नीट मोकळा होत नाही. शिवाय बूम (हातात धरायची आडवी दांडी) बघा. ८.५ ला दोन मीटरपेक्षा लांब बूम लागते, तुमची कोर्सवाली बूम तेवढी उघडणार नाही. म्हणजे शीड एक, खर्च तीन.

---

दुकान_बर्डी

७.५ बाजूला काढून ठेवलं. शनिवारी अकरानंतर या, मास्ट आणि बूम दोन्ही घेऊन. दुकानामागच्या बोळात लावून बघू. आणि टेंडन वाकवून आणा.

---

पोट्टा_मानेवाडा

टेंडनले चिरा आहेत काका. आत्ताच पाह्यलं.